रेझरचं हेड स्वस्तातलं चालेल, आटे बघून घ्या

'कुठलंही हेड कुठल्याही हँडलला बसतं' हे वर कुणीतरी लिहिलंय ते बरंचसं खरं, पण दाढीच्या तीन तुकड्यांच्या रेझरपुरतंच (ब्लेड धरणाऱ्या हेडचे दोन भाग आणि तिसरं हँडल). पिळल्यावर वरची दारं उघडणारे यात धरू नका, त्यांची यंत्रणा हँडलमध्येच असते. बाकी हल्लीच्या बहुतेकांना एम-५ (५ मिमी जाडीचे), ०.८ मिमी पिचचे, म्हणजे दोन आट्यांत तेवढं अंतर असलेले आटे असतात, जुन्या जिलेटला १०-३२ इंची (इंचाला ३२ आटे, जाडी जरा कमी). पिच जवळपास सारखा, म्हणून जुनं हेड नव्या हँडलवर चढतं, जरा सैल वाटतं इतकंच. उलट करताना अडकलं तर जोर लावू नका.

आणि महागडं हँडल कशाला? मी नाशिकच्या सातपूरमधल्या एका लेथवाल्याकडून पितळी रॉडचं करून घेतलं. ४.२ मिमीचं भोक, आत आटे पाडायला एम-५चा टॅप, बाहेरून नर्लिंग, म्हणजे पकडीसाठी खरबरीत नक्षी. नर्लिंग बारीक मारायला सांगा, भरड मारलं तर पकड मस्त येते पण बोटं सोलतात. वजनामुळे हात आपोआप हलका पडतो, हा खरा फायदा. फक्त स्वस्त हेडचा आट्यांचा दांडा झामाकचा, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. जड हँडल करकचून आवळलं तर तो बुडातून तुटू शकतो. ब्लेड हलायचं थांबलं की पुरे. दाढीनंतर सुटं करून वाळवा, मुलामा उडालेल्या झामाकला खड्डे पडतात.