परसातल्या लाल मुंग्यांवर काय वापरता? बजेट ३०० रु.

डिचोलीची_बाय: नळाजवळ भुसभुशीत मातीचे ढिगारे झालेत. पाय पडला की लाल मुंग्या पोटरीपर्यंत चढून डसतात, आग आग होते, मग पुटकुळ्या येतात. धाकटा तिथेच खेळतो, कोंबड्या मोकळ्या असतात. ३०० च्या आत सांगा.

फोंडेकार: पेस्ट कंट्रोलवाल्यालाच बोलव. आम्ही ४५०० दिले, वर्षाचं कंत्राट, एक मुंगी दिसत नाही.

कुळागरवाला: आमच्याकडेही फवारून गेले, ढिगारे चार हात पलीकडे उठले. वरच्या मरतात, राणी खाली सुखरूप. आणि काजूवरच्या हुमल्यांना, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्यांना, कोणी हात लावू नका, ते ढेकण्या ही काजूवरची कीड खातात.

फोंडेकार: हुमले काय कमी चावतात?

कुळागरवाला: चावतात, पण नांगी मारत नाहीत. पानांची घरटी करणारे ते वेगळे, या जमिनीतल्या वेगळ्या.

माशेलची_वैनी: उकळतं पाणी ओत गो, फुकटचं काम. नाहीतर मुंग्यांचा खडू ओढ.

माती_आणि_मी: पाणी राणीपर्यंत पोचलं तरच उपयोग, आणि खडू ओढला तर मुंग्या आमिषाकडे, म्हणजे औषध घातलेल्या खाण्याकडे, फिरकणारच नाहीत. आधी एका झाकणात शेंगदाण्याचा कूट, दुसऱ्यात साखरपाणी ठेव, कशावर येतात ते बघ. गोडावर आल्या तर अर्धा लिटर पाण्यात ५० ग्रॅम साखर, ५ ग्रॅम बोरिक पावडर, झाकणाला भोकं पाडलेल्या बरणीत. बोरिक जास्त नको, वाटेतच मरतात, ते हळूहळू आत गेलं पाहिजे. तेलकटावर आल्या तर तयार दाणेदार आमिष लागेल, कामकरी मुंग्या घट्ट खाणं गिळत नाहीत, अळ्यांना भरवतात, त्यांच्याकडून रस राणीला जातो. ऑस्ट्रेलियात २००१ मध्ये ब्रिस्बेनला यांच्याच कुळातली मुंगी सापडली, तिथेही मक्याच्या कण्या सोयातेलात भिजवून औषध घालतात. पाऊस नसताना संध्याकाळी टाक, ढिगाऱ्यावर नको, भोवती.

फोंडेकार: एवढ्या खटपटीपेक्षा ४५०० परवडले.

माशेलची_वैनी: उकळतं पाणीच बरं.

डिचोलीची_बाय: झाकणं ठेवून बघितली. कुटावर तुटून पडल्या, मोठ्या डोक्याच्या मुंग्या कण ओढत बिळात नेत होत्या, साखरेला एकीनेही तोंड लावलं नाही. पण कोंबड्या दाणा बघितला की टिपणारच, औषध परसात नकोच. धाकट्याचं खेळणं पुढच्या अंगणात नेलंय आणि त्याला गमबूट घेतलेत.

माती_आणि_मी: ठीक. मग ढिगारे काठीने ढोसू देऊ नकोस, राणीला घेऊन दुसरीकडे घर करतात.