क्रीडाशिक्षकाला सर्व मुलांसाठी तयार कसे करावे?

प्रश्न (मुख्याध्यापिका, तासगाव तालुका)
आमचे क्रीडाशिक्षक कबड्डी आणि खो-खोचे संघ जीव ओतून घडवतात. परंतु संघात निवड न झालेली मुले, विशेषतः आठवी-नववीच्या मुली, शारीरिक शिक्षणाच्या तासिका सोडल्या तर बाकावरून फारशा उठत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वयोगटाला दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र हालचाल हवी; ती तासिकांतून साधणार नाही, हे उघड आहे. सर्व शाळेला हालते ठेवण्याची जबाबदारी सरांना पेलावी, यासाठी त्यांना नेमके कोणते प्रशिक्षण द्यावे?

उत्तर (शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक, सातारा)
मॅडम, अमेरिकेत यासाठी मांडलेल्या आराखड्यात पाच अंगे आहेत: शारीरिक शिक्षणाची तासिका, शाळेच्या वेळेतील इतर हालचाल, शाळेआधीचे व नंतरचे उपक्रम, कर्मचाऱ्यांचा सहभाग आणि कुटुंब व परिसराची साथ. पहिल्या अंगाची तयारी आपण चांगली करून घेतो. बी.पी.एड.चा, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीचा, विद्यार्थी फक्कीने मैदान बिनचूक आखतो, पंच म्हणूनही उभा राहतो. मात्र गणिताच्या सहकाऱ्याला जोड तासिकेच्या मध्यावर तीन मिनिटे वर्ग उभा करायला कसे राजी करावे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. माझ्या मते खरी उणीव येथेच आहे. म्हणून आंतरवासितेत, म्हणजे शाळेतील प्रत्यक्ष सरावाच्या काळात, प्रत्येक छात्राध्यापकाने एका शाळेची मधली सुट्टी पाहावी, कोण खेळते आणि कोण कडेला उभे राहते याची नोंद घ्यावी, त्यावरून एक उपक्रम बेतावा आणि तो शिक्षकांच्या सभेत मांडून मान्य करून घ्यावा. मूल्यमापन त्या मांडणीचेही व्हावे.

उत्तर (क्रीडाशिक्षक, वाळवा तालुका)
सरांचे म्हणणे पटते, तरीही प्रशिक्षण घेऊन आलेल्या शिक्षकाला रोज बदली तासिकांवर पाठवले, तर त्या शिक्षणाचा उपयोग शून्य. त्याचा वेळ वेळापत्रकात राखून ठेवणे मुख्याध्यापकांच्याच हाती आहे.

उत्तर (शिक्षिका, कराड)
माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे; पण स्पर्धेची आवड नसलेल्या मुलीलाही मैदान आपले वाटले पाहिजे. आमच्याकडे मुलींना सलवार किंवा ट्रॅक पँट घालून येण्याची मुभा दिली आणि मैदानाचा एक भाग मधल्या सुट्टीत त्यांच्यासाठी राखला, तेव्हा कडेला उभ्या राहणाऱ्या कितीतरी जणी दोरीच्या उड्या मारू लागल्या. मुलींना आधी विचारणे, हाही त्या प्रशिक्षणाचा भाग असावा.