व्हाईट सॉक्स १२१ मॅच हरली, आता टीम बदलू का?

परभणीचा_लेफ्टी

राम राम मंडळी. क्रिकेट सोडून दुसरं काही इथं चालतंय का नाय माहीत नाय पण दुसरीकडं कुठं विचारावं तेबी कळना म्हणून इथंच विचारायलो.

मी शाळेपासून सॉफ्टबॉल खेळलेला माणूस. दहावीला खेळाचे ग्रेस मार्क मिळतेत म्हणून सरांनी बळंच टीममध्ये घातलं होतं, मग नादच लागला. २०२१ ला मावसभाऊ शिकागोला गेला, तिकडून येताना काळी टोपी आणली, तिथल्या व्हाईट सॉक्स नावाच्या बेसबॉल टीमची, आणि म्हणला ही टीम धर, लई भारी चाललीय. तवा खरंच भारी चालली होती, ९३ मॅच जिंकून डिव्हिजन, म्हणजे आपला गट, मारलं होतं. मी धरली. पुढच्या साली ८१ जिंकल्या ८१ हरल्या, म्हणलं चला ठीकय. २०२३ ला १०१ हरल्या. आणि यंदा, २०२४ ला, ४१ जिंकल्या, १२१ हरल्या. एकशे एकवीस!! मॉडर्न काळात एका सीझनला एवढ्या मॅच कोणीच हरलं नव्हतं म्हणे.

तिकडची संध्याकाळची मॅच आपल्याकडं पहाटे पाच-सव्वापाचला लागती. धारा काढायच्या टायमाला मोबाईल दावणीच्या खुंट्याला टेकवून बघायलो राव सहा महिने. आई म्हणती अभ्यासाला कधी असा उठला नाहीस. १० जुलैपासून जे हरायला लागले ते लागोपाठ २१ मॅच हरले, ५ ऑगस्टपर्यंत. तेवढ्या दिवसात म्हशीनं एकदाबी धार चोरली नाय पण ह्यांना एक मॅच काढता आली नाय.

तर विचारायचं असं की एवढे करोडोनी पैसे घेणारे प्रोफेशनल लोक इतके कसे काय हरतेत? फुटबॉलसारखं खालच्या लीगमध्ये ढकलत नाहीत का ह्यांना? आणि मुख्य म्हणजे मी टीम बदलू का? डॉजर्स धरावी वाटायली. मावसभाऊ तर आता फोनवर बेसबॉलचा विषयच काढू देईना.

---

जालन्याचा_ओपनर

घ्या. इकडं सप्टेंबरच्या १-२ तारखेच्या पावसानं अर्धं सोयाबीन वाहून गेलं आणि भाऊला शिकागोची काळजी लागलीय 😂 ते जाऊ द्या, १६२ मॅच खेळतेत का खरंच? एका सीझनला? आयपीएलला चौदा मॅचमध्ये आमचा जीव जातोय.

---

मास्तर_नांदेड

ओपनर भाऊ, व्हय, १६२. जवळपास रोज मॅच. म्हणूनच बेसबॉलमध्ये भंगारातली भंगार टीम पण सहसा पन्नास-साठ जिंकून जाते, आणि चांगलीतली चांगली पण पन्नास-साठ हरतेच. १२१ हरायचं म्हणजे सोपं काम नाही.

लेफ्टी, मी पंधरा-सोळा वर्षं शाळेच्या पोरांना सॉफ्टबॉल-बेसबॉल शिकवतोय, जरा लांबण लागली तर सांभाळून घे. खाली ढकलायची भानगड तिकडं नाहीच. तीस टीम ठरलेल्या, कितीबी हरा, पुढच्या साली परत त्याच लीगमध्ये. त्यामुळं हरायची भीती मालकाला तेवढी नसते जेवढी तुला-मला वाटते.

आता हरले कसे. यंदाच्या पोरांना शिव्या घालून काही हाती लागणार नाही, बिचारे जे होते ते खेळले. हे मागं जायला लागतं. २०१६ च्या डिसेंबरात ह्यांनी क्रिस सेल नावाचा एक नंबरचा पिचर (म्हणजे बॉल टाकणारा) बोस्टनला दिला आणि बदल्यात मोंकाडा, कोपेक असे कोवळे खेळाडू घेतले. पुढच्या जुलैत क्विंताना नावाचा दुसरा पिचर गावातल्याच कब्स (Cubs) टीमला दिला आणि एलॉय हिमेनेझ, डिलन सीज घेतले. म्हणजे आपल्या भाषेत उभं पीक दिलं आणि बियाणं घेतलं. तिकडं खालच्या टीमांना म्हणतेत पण फार्मच. आणि बियाणं खोटं नव्हतं बरं का, २०२० ला आणि २०२१ ला प्लेऑफला गेले, तुझी टोपी त्याच सुगीतली. पण दोन्ही वेळेस पहिल्याच फेरीत बाहेर.

खरी चूक त्याच्या पुढं झाली असं माझं मत. एकदा पीक आलं म्हणल्यावर परत पेरायला लागतं का नाही? ह्यांनी खाली नवीन पोरं तयारच केली नाहीत आणि वर पैसा पण सोडला नाही. ह्या क्लबनं आजवर दिलेलं सगळ्यात मोठं काँट्रॅक्ट किती माहितीय? बेनिंटेंडीचं, साडेसात कोटी डॉलर, पाच वर्षांचं. तुला-मला मोठं वाटतं पण बाकीच्या टीमा एकेका माणसाला वीस-वीस तीस-तीस कोटी देतेत. त्यात २०२१ ला मॅनेजर, म्हणजे आपल्याकडचा कोच, कोण आणला तर ७६ वर्षांचा टोनी ला रुसा. माणूस लई मोठा, हॉल ऑफ फेममधला, पण २०११ लाच रिटायर होऊन बसलेला. माझ्या वडिलांना उद्या कोणी परत नोकरीवर बोलावलं तर कसं होईल तसं.

मग पडझड. मोंकाडा यंदा दुखापतीमुळं फक्त १२ मॅच खेळला. लुईस रॉबर्ट एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात जायबंदी. सीजला मार्चमध्येच सॅन डिएगोला देऊन टाकलं. एलॉय जुलैत बाल्टिमोरला, कोपेक डॉजर्सला. म्हणजे ते सगळं बियाणं यंदा एकतर वाळलं नाहीतर विकलं. आणि कहर बघ, तुमचं ते २१ हरायचं चालू होतं ना जुलैत, त्याच दरम्यान २५ तारखेला सीजनं सॅन डिएगोकडून नो-हिटर टाकली. नऊच्या नऊ इनिंग समोरच्याला एक हिट नाही! मी तर बातमी वाचून व्हाईट सॉक्सवाल्यांसाठी दोन मिनिटं गप्प बसलो.

बॅटिंगचं तर विचारूच नको. १६२ मॅचमध्ये ५०७ रन. मॅचला तीन आणि वर जरासं. पिचिंगमध्ये गॅरेट क्रोशे नावाचं पोरगं, तुझ्यासारखंच डावखुरं, १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद) काढले, आणि त्याच्या नावावर काय, ६ जिंकल्या १२ हरल्या. पिचरनं किती रोखायचं, रन कोणीतरी करायला लागतेत ना.

असंच एकदा आमच्याकडं झालं होतं म्हणून कळतं. जुनी गोष्टय. तालुक्याच्या टीममध्ये सगळी दहावीची पोरं, तीन वर्षं एकत्र खेळलेली, जिल्ह्यात कोणाला ऐकत नव्हती. मी पण त्यांच्यावरच खुश, आठवीच्या पोरांना नुसतं बॉल आणायला पळवायचो. ती बॅच पास होऊन गेली. पुढच्या साली पहिलीच मॅच रनच्या फरकानं मध्येच थांबवली पंचानं, चार इनिंग पण झाल्या नाहीत. पोरं रडायली होती आणि मी त्यांच्यावरच ओरडायलो होतो. लाज वाटते आता.

---

आकडे_लातूर

एक बारीक दुरुस्ती. मास्तरांनी छान लिहिलंय पण "सगळ्यात वाईट टीम" असं जे सगळीकडं चाललंय ते आकड्यानं टिकत नाही. १२१ हा हरलेल्या मॅचचा आकडा सगळ्यात मोठा, १९०० नंतरचा, बरोबर. पण टक्केवारी काढा. १९६२ ची न्यूयॉर्क मेट्स ४० जिंकली १२० हरली, म्हणजे २५ टक्के सरळ. व्हाईट सॉक्स ४१ आणि १२१, २५.३ टक्के. म्हणजे मेट्स जास्त वाईट! १९१६ ची फिलाडेल्फिया अॅथलेटिक्स ३६-११७, साडेतेवीस टक्के. आणि अजून मागं १८९९ ला गेलात तर क्लीव्हलंड स्पायडर्स, २० जिंकल्या १३४ हरल्या. १३४!

लागोपाठ २१ चं पण तसंच. १९८८ ची बाल्टिमोर पण २१ हरली होती, ती तर सीझनच्या पहिल्या मॅचपासून. म्हणजे अमेरिकन लीगमध्ये (दोन लीगांपैकी ह्यांची ती) नुसती बरोबरी झाली, आणि १९६१ ची फिलीज २३ हरलेली, तिथपर्यंत तर पोचलेच नाहीत. लेफ्टी भाऊ, तुमच्या टीमला वाईट रेकॉर्ड पण धड स्वतःच्या एकट्याचं करता आलं नाही 😄

बाकी मॅनेजर ग्रिफोलला ८ ऑगस्टला काढला तेव्हा २८-८९ होते. त्यानंतर साइझमोर आला, हंगामी, त्याचे १३-३२. दोघांची टक्केवारी काढून बघा, दुसऱ्याची जराशी बरी. जराशीच.

---

जालन्याचा_ओपनर

आकडे भाऊ तुम्ही लग्नाच्या पंगतीत पण जिलब्या मोजत असणार

---

अंबाजोगाई_ते_इलिनॉय

मी ही चर्चा वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं, पासवर्ड पण विसरलो होतो. मूळ अंबाजोगाईचा, आता सतरा वर्षं शिकागोजवळ राहतो आणि दुर्दैवानं (😅) घरात दोन पोरं व्हाईट सॉक्सवाली आहेत.

२४ सप्टेंबरला आम्ही ग्राउंडवर होतो. तोवर १२० हरून झाल्या होत्या, अजून एक हरली की रेकॉर्ड, आणि खरं सांगतो, निम्मे लोक ते रेकॉर्ड बघायलाच आलेले. आपल्याकडं कसं एखादं जुनं घर पाडायचं असलं की सगळी गल्ली बघायला जमते तसं. एंजल्सविरुद्ध २-० नं मागं होते, म्हणलं झालं आज. तर आठव्या इनिंगला काय अंगात आलं माहीत नाही, तीन रन काढून ३-२ नं मॅच जिंकली! लोकांना कळेना टाळ्या वाजवाव्या का हळहळावं. मधूनच "टीम विका, टीम विका" अशा घोषणा. त्या मालकाला उद्देशून, जेरी राइन्सडॉर्फ, १९८१ पासून टीम त्याच्याकडं आहे. बास्केटबॉलची बुल्स पण त्याचीच, मायकल जॉर्डनवाली. यंदाच ह्या गड्यानं नव्या स्टेडियमसाठी सरकारी पैशाची मागणी लावून धरलेली. आमचे वडील हे ऐकून लगेच म्हणले, म्हणजे कारखाना तोट्यात आणि चेअरमनला नवीन ऑफिस बांधायचंय. मी म्हणलं तात्या तुम्हाला बेसबॉल पूर्ण कळला.

एंजल्सच्या तिन्ही मॅच जिंकल्या. मग २७ ला डेट्रॉईटला जाऊन ४-१ नं हरले आणि १२१ झाल्या. त्याच मॅचनं डेट्रॉईट टायगर्स प्लेऑफला गेली, २०१४ नंतर पहिल्यांदा. एकाच मैदानावर एका बाजूला गुलाल आणि दुसऱ्या बाजूला तेरावा. गंमत म्हणजे त्याच डेट्रॉईटला पुढच्या दोन्ही मॅचमध्ये ह्यांनी हरवलं. शेवटच्या सहापैकी पाच जिंकल्या! हे आधी सुचलं असतं तर.

पोरांनी मला विचारलं बाबा तुम्ही ही टीम का निवडली. मी इथं आलो तेव्हा २००५ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची फायनल, लोकांच्या तोंडात ताजी होती, ८८ वर्षांनी जिंकलेली, ह्यूस्टनला ४-० धुतलेलं. त्याआधीचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण म्हणजे १९१९ चं, पैसे घेऊन वर्ल्ड सिरीज सोडली म्हणून आठ खेळाडूंवर जन्माची बंदी. तेव्हा पैसे घेऊन हरले, आता पैसे वाचवून हरले.

आणि हो, लेफ्टी, कोणी म्हणेल की शेवटी आले म्हणून पुढच्या साली ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवीन पोरं टीमांनी नंबरानं निवडायच्या कार्यक्रमात, पहिला खेळाडू मिळेल. तेपण नाही. मोठ्या शहरातल्या टीमला लागोपाठ दोन वर्षं लॉटरीत (वरचे नंबर तिथं चिठ्ठीनं ठरतेत) वरचा नंबर देत नाहीत असा नियमय, यंदा ह्यांना पाचवा मिळाला होता, म्हणून २०२५ ला जास्तीत जास्त दहावा. १२१ हरून दहावा नंबर! पोरगं म्हणलं दॅट्स नॉट फेअर, मी म्हणलं बाळा तू बीड जिल्ह्यात जन्मला असतास तर हे वाक्य तुझ्या तोंडून निघालं नसतं.

टीम बदलू नको. कारण काही नाही, उगीच वाटतं.

---

मास्तर_नांदेड

चेअरमनचं एक नंबर 😂 तात्यांना नमस्कार सांगा.

---

परभणीचा_लेफ्टी

सगळ्यांनी एवढं लिहिलं, लई आभार. मास्तर, ते आठवीच्या पोरांचं वाचून जरा कसंतरीच झालं कारण मी तेच आठवीतलं पोरगं होतो. तुमच्या शाळेतलं नाय, दुसऱ्या. दोन वर्षं नुसता बॉल आणायला पळलो. नववीला पहिल्यांदा पिचिंगला उभं केलं तवा हात इतका लटलट करायलता की पहिला बॉल बॅटरच्या पाठीत.

काल मोंढ्यात सोयाबीन घेऊन गेलतो, टोपी घालूनच. २०२४ चा हमीभाव ४८९२, आणि बोली त्याच्या कुठल्या कुठं खाली, ओलं हाय ओलं हाय म्हणून. तिथं एक पोरगं आलं आणि म्हणलं काका ही टोपी कुठल्या रॅपरची हाय. मी २६ वर्षांचा हाय!! त्याला सांगत बसलो की ही टीम हाय, यंदा १२१ हरली. ते म्हणलं मग घालता कशाला. काय सांगावं ते कळना.

आकडे भाऊ, ती १९६२ ची मेट्स पुढं सुधारली का कधी?

---

आकडे_लातूर

सात वर्षांनी, १९६९ ला, वर्ल्ड सिरीज जिंकली. पण ती नवी कोरी टीम होती, पहिलंच वर्ष होतं तिचं. तुमची १९०१ पासून लीगमध्ये आहे. त्यामुळं ह्या उदाहरणावरून २०३१ चं तिकीट काढून ठेवू नका.

---

मास्तर_नांदेड

लेफ्टी, ते वर्ल्ड सिरीजचं राहू दे. तू डावखुरा पिचर आहेस ना? दिवाळीच्या सुट्टीनंतर आमची आठवीची पोरं परत ग्राउंडवर येतेत, सध्या त्यावर कोणाचं तरी सोयाबीन वाळत पडलंय. डावखुऱ्या पिचरसमोर एकानं पण कधी बॅटिंग केलेली नाही, जिल्ह्याला एक टीम हाय त्यांच्याकडं असला पिचर हाय आणि आमची पोरं त्याच्यासमोर नुसती आंधळी बॅट फिरवतेत. एखाद्या रविवारी सकाळच्या गाडीनं नांदेडला ये. जेवण माझ्याकडं. ग्लव्ह मात्र तुझा तू आण, उजव्या हातात घालायचा आमच्याकडं एकपण नाही.

---

परभणीचा_लेफ्टी

येतो सर. धारा काढून सातच्या गाडीला बसतो. टोपी घालून आलो तर चालंल का?

---

मास्तर_नांदेड

घालून ये. पोरांना कोणती टीम ते सांगू नको फक्त.