टीव्ही-रेडिओवरच्या धोक्याच्या इशाऱ्याच्या चाचण्या इतक्या वारंवार का?

मीनल_आयोवा

नमस्कार मंडळी. आम्ही गेल्या वर्षी आयोवातल्या सीडर रॅपिड्सला राहायला आलो. सध्या सासूबाई साताऱ्याहून आल्या आहेत. दुपारी त्या अँटेनावरचं लोकल चॅनल लावून स्वयंपाकाचे कार्यक्रम बघतात. भाषा निम्मी कळते, पण कृती कळते, असं त्यांचं म्हणणं.

परवा कार्यक्रम मध्येच तुटला, पडद्यावर पट्टी आली, कानठळ्या बसतील अशी खरखर झाली आणि लगेच सगळं पूर्ववत. मी ऑफिसच्या कॉलवर होते. बाहेर येऊन बघते तर आई पर्स घेऊन बेसमेंटच्या जिन्याशी उभ्या. टोर्नेडो आला तर खाली जायचं हे आम्हीच त्यांना शिकवलं होतं. त्यांनी शिकवल्याप्रमाणे केलं, त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही. पण ती निघाली साप्ताहिक चाचणी.

मला विचारायचंय ते असं: हे खरंच दर आठवड्याला असतं का? वेळ ठरलेली का नसते? महिन्याची वेगळी चाचणी असते म्हणे, तीही रात्री होते का? आणि हे बंद करता येतं का?

खरी काळजी वेगळीच आहे. आता प्रत्येक वेळी "आई, ती टेस्ट आहे, बसा" असं मी सांगत राहिले, तर खरा इशारा येईल तेव्हा त्या उठतील का? दिवसभर त्या घरात एकट्या असतात.

निळाई

आम्ही केबल सोडून चार वर्षं झाली. सगळं स्ट्रीमिंगवर बघतो, त्यात असलं काही येत नाही. आईंनाही यूट्यूब लावून द्या, तिथे मराठी पाककृतीही मिळतील.

रेडिओवाला

मीनल, मी मिडवेस्टमधल्या लहान रेडिओ केंद्रांची तांत्रिक देखभाल करतो. ती खरखर ज्या पेटीतून निघते ती माझ्या रोजच्या कामातली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हो, चाचणी दर आठवड्याला असते, आणि ती केंद्राच्या मर्जीवर नाही. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचा, म्हणजे रेडिओ-टीव्हीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, तसा नियम आहे. वार आणि वेळ मुद्दाम बदलती ठेवायची असते. ज्या आठवड्यात मासिक चाचणी होते, त्या आठवड्यात साप्ताहिक करावी लागत नाही. मासिक चाचणीचंही गणित ठरलेलं आहे: विषम महिन्यांत सकाळी साडेआठ ते सूर्यास्त, सम महिन्यांत सूर्यास्त ते सकाळी साडेआठ. म्हणजे जानेवारीत दिवसा, फेब्रुवारीत रात्री. रात्रीची चाचणी बऱ्याच ठिकाणी इतक्या उशिरा ठेवतात की बहुतेक लोक झोपलेले असतात.

आता ती खरखर काय असते ते सांगतो. त्या आवाजात अक्षरं आणि आकडे भरलेले असतात: इशारा कोणी दिला, कशाचा, कोणत्या काउंटीसाठी (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी), किती वेळासाठी. तोच मजकूर तीनदा पाठवतात, म्हणजे एखादा तुकडा खराब आला तरी पेटी तिन्ही ताडून खरा मजकूर काढते. शेवटी "संपलं" सांगणारे तीन छोटे आवाज. साप्ताहिक चाचणीत एवढंच असतं. लांब भोंगा नाही, माणसाचा आवाज नाही. टीव्हीवर पट्टी दाखवायचंही बंधन नाही, बरीच केंद्रं आपणहून दाखवतात.

कारण ही चाचणी तुमच्या सासूबाईंसाठी नसतेच, ती पुढच्या केंद्रातल्या पेटीसाठी असते. प्रत्येक केंद्राला किमान दोन ठिकाणांवर कान ठेवावा लागतो. वरच्या केंद्राने इशारा सोडला की खालची केंद्रं तो उचलतात आणि पुढे देतात. अलीकडे इंटरनेटवरूनही इशारे येतात, पण केंद्राकडून केंद्राकडे हवेतून जाणारी ही वाट जपून ठेवली आहे, कारण वादळात इंटरनेट आधी जातं. मासिक चाचणी आली की ती ६० मिनिटांच्या आत पुढे सोडायची. आलेल्या आणि सोडलेल्या प्रत्येक चाचणीची नोंद लॉगमध्ये ठेवायची. आली नाही तर का नाही आली, तेही लिहायचं.

त्या "आली नाही" नोंदीसाठी मी कितीतरी मैल गाडी चालवली आहे. कुठे अँटेनाच्या केबलमध्ये पाणी शिरलेलं असतं, कुठे कोणीतरी रिसीव्हरचा आवाज कमी केलेला असतो, कुठे पेटी बदलताना काउंटीचा आकडा भरायचा राहिलेला असतो. यातलं काहीही रोजच्या प्रक्षेपणात दिसत नाही. गाणी वाजतात, जाहिराती वाजतात, केंद्र छान चाललेलं असतं. चाचणी नसती तर हा बिघाड टोर्नेडोच्या रात्रीच कळला असता. मला विचाराल तर आठवड्यातून एकदा हे वारंवार नाही, जेमतेम पुरेसं आहे.

नॉर्थ डकोटातल्या मायनॉटचं उदाहरण या धंद्यात सगळ्यांना पाठ असतं. १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्रीनंतर गावाच्या कडेला मालगाडी घसरली, टाक्या फुटल्या आणि अमोनियाचा ढग वस्तीवर पसरला. अधिकारी रेडिओवरून इशारा देऊ बघत होते, पण यंत्रणा वेळेवर चालली नाही आणि केंद्राशी संपर्क होईना. लोक अंधारात रेडिओ लावून बसले होते आणि त्यांना सूचना मिळत नव्हती. एकाचा मृत्यू झाला, ३०० हून जास्त लोकांना बाधा झाली. आज तर रात्री असंख्य केंद्रांत माणूसच नसतो, सगळं संगणकावर चालतं. म्हणून सम महिन्यांत रात्रीची चाचणी हवीच.

वरपासून खालपर्यंतची गोष्ट याहून मोठी. १९६३ पासून इमर्जन्सी ब्रॉडकास्ट सिस्टिम होती, १९९७ पासून आताची इमर्जन्सी अलर्ट सिस्टिम. पण सगळ्या देशभर एकाच वेळी चाचणी पहिल्यांदा झाली ती ९ नोव्हेंबर २०११ ला! केवळ ३० सेकंदांची, आणि तेवढ्यात कितीतरी दोष उघडे पडले. कुठे आवाजच पोहोचला नाही, कुठे आवाजावर आवाज चढला. मग २०१६, २०१७, २०१८, २०१९, २०२१ आणि २०२३ मध्ये देशव्यापी चाचण्या झाल्या. आता निदान तीन वर्षांतून एकदा ती घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

बंद करता येतं का? टीव्ही-रेडिओवर नाही, आणि ते बरंच आहे.

निळाई, तुमचं बरोबर आहे की स्ट्रीमिंगवर हे येत नाही. पण मग खरा इशाराही तिथे येत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

घाटमाथा_ओक्लाहोमा

रेडिओवाला, माहिती उत्तम. पण मीनलच्या मूळ प्रश्नाला उत्तर मिळालं नाही असं मला वाटतं. चाचणी पेटीसाठी असेल, पण ती ऐकतो माणूस. आणि माणसाला सवय होते.

मिझुरीतलं जॉप्लिन आमच्या राज्याच्या सीमेलगत आहे. २२ मे २०११ च्या टोर्नेडोने तिथे दीडशेहून जास्त माणसं गेली. नॅशनल वेदर सर्व्हिसने नंतर लोकांशी बोलून अहवाल केला. त्यात आलं की बहुतेक लोक पहिला इशारा ऐकून लगेच आडोशाला गेले नाहीत. कोणी खिडकीतून आभाळ बघितलं, कोणी टीव्ही लावला, कोणी गावातला भोंगा दुसऱ्यांदा वाजायची वाट बघितली. भोंगे नेहमीच वाजतात, ही भावना त्यामागे होती. जिथे मिनिटांचा हिशेब असतो तिथे ही दुसऱ्या खुणेची वाट जीवघेणी ठरते. माझ्या कॉलनीतही हेच बघतो. भोंगा झाला की लोक खाली जायच्या ऐवजी पोर्चमध्ये येतात.

त्यामुळे चाचण्या कमी कराव्यात असं म्हणत नाही, पण "पुरेशा नाहीत" हे मला पटत नाही.

सावली_७१

मी सीडर रॅपिड्सचीच. १० ऑगस्ट २०२० ला दुपारी डेरेचो आला तेव्हा मुलं आणि मी घरी होतो. मीनल, तुम्ही नंतर आलात, पण शहरात अजून झाडं कमी दिसतात ना, ती त्या एका दुपारची गोष्ट. सरळ रेषेत धावणारं वादळ, ताशी १४० मैलांपर्यंत वारा असल्याचा अंदाज नंतर दिला गेला. टोर्नेडो नव्हता. इशारा होता तो "सिव्हिअर थंडरस्टॉर्म वॉर्निंग", आणि त्या काळी तो इशारा फोनवर येत नसे. फोन गप्प होता.

आमच्याकडे शेजारच्या आजींनी दिलेला वेदर रेडिओ होता, म्हणजे हवामानाचे इशारे देणारा वेगळा रेडिओ. तो वाजला म्हणून आम्ही खाली गेलो. वर आलो तेव्हा छपराचा एक भाग आणि मागचा ओक दोन्ही नव्हते. नंतर कित्येक दिवस वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. पाणी कुठे मिळतंय, बर्फ कुठे आलाय, कोणता रस्ता मोकळा झाला, हे सगळं बॅटरीवरच्या रेडिओतून कळायचं. लोक केंद्रात फोन लावून सांगत आणि बाकीचे ऐकत.

त्यानंतर, २०२१ च्या ऑगस्टपासून, वारा ताशी ८० मैल किंवा गारा पावणेतीन इंच असतील तर हा इशारा फोनवरही येतो. तरी मी वेदर रेडिओ काढलेला नाही. फोनचा टॉवर पडू शकतो हे बघितलंय.

पुण्याचा_समीर

अमेरिकेत नाही, पण भर घालतो. २०२३ मध्ये आमच्याकडेही दूरसंचार विभागाने फोनवर असे नमुना इशारे पाठवले होते. ऑफिसात एकदम सगळ्यांचे फोन किंचाळले. मजकुरात स्पष्ट लिहिलं होतं की ही चाचणी आहे, काही करायची गरज नाही. तरी दिवसभर व्हॉट्सॲपवर फोन हॅक झाल्याच्या अफवा फिरत होत्या. पुन्हा आला तेव्हा कोणी दचकलं नाही. लोकांना त्या आवाजाची ओळख व्हायला एखादी चाचणी लागतेच, असं मला वाटतं.

रेडिओवाला

घाटमाथा, तुमचा मुद्दा मला मान्य आहे, आणि त्याचा सगळ्यात बोलका पुरावा आमच्याच इतिहासात आहे. २० फेब्रुवारी १९७१, शनिवार सकाळ. कोलोरॅडोतल्या शायन माउंटनमधल्या लष्करी इशारा केंद्रातून टेलिप्रिंटरवर नेहमीची चाचणी पाठवायची होती. ऑपरेटरने चुकीची टेप लावली आणि देशभरातल्या केंद्रांना खरा राष्ट्रीय इशारा गेला, खात्री पटवणाऱ्या सांकेतिक शब्दासकट. तो रीतसर रद्द करायला ४० मिनिटांच्या आसपास लागली. तेवढ्या वेळात काही केंद्रांनी कार्यक्रम थांबवून इशारा दिला, पण पुष्कळांनी काहीच केलं नाही, कारण तो नेहमीच्या चाचणीच्या वेळेला आला होता. ते सगळे प्रशिक्षित लोक होते, तरीही. वेळ बदलती ठेवण्याचं महत्त्व यातून कळतं.

दुसरं, पूर्वीच्या साप्ताहिक चाचणीत दोन सुरांचा लांब भोंगा आणि निवेदन दोन्ही असायचं. १९९७ नंतर ती काही सेकंदांवर आणली. लोकांच्या कानांना खऱ्या भोंग्याची सवय होऊ नये यासाठी हा बदल फार मोलाचा आहे. तो भोंगा जाहिरातीत किंवा विनोदासाठी वाजवायलाही बंदी आहे. २०१४ मध्ये एका रेडिओ कार्यक्रमात राष्ट्रीय इशाऱ्याचा जुना आवाज वाजवला, तो इतर ठिकाणच्या पेट्यांनी खरा समजून पुढे सोडला. त्या कंपनीला १० लाख डॉलर दंड झाला. मला तो दंड अगदी योग्य वाटतो.

मीनल, आता तुमच्या सासूबाईंबद्दल. "टेस्ट आहे, बसा" असं सांगू नका. फरक शिकवा, तो कानाने कळतो. नुसती खरखर होऊन थांबली, तर बसून राहायचं. खरखरीनंतर लांब भोंगा आला, तर हातातलं ठेवून ऐकायचं. पुढे माणूस बोलेल, त्यात "टोर्नेडो वॉर्निंग" आणि "लिन काउंटी" (ही तुमची काउंटी) हे शब्द आले की खाली. महिन्याच्या चाचणीतही भोंगा असतो, पण त्यात "टेस्ट" हा शब्द स्पष्ट उच्चारतात. मी मूळचा सांगलीचा. आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे एवढं ऐकून आमच्याकडच्या आज्या सामान माळ्यावर टाकायचं की नाही ठरवतात. साताऱ्याच्या बाईंना हे चार शब्द जड नाहीत.

आणि सावली म्हणतात तसा वेदर रेडिओ घ्याच, बॅटरीवरही चालणारा. त्यात लिन काउंटीचा आकडा भरायचा: ०१९११३. त्याचीही साप्ताहिक चाचणी असते, बऱ्याच ठिकाणी बुधवारी दुपारच्या सुमारास, हवा खराब असेल तर पुढे ढकलतात. तेवढ्यासाठी बुधवारी आईंजवळ थांबता आलं तर बघा.

मीनल_आयोवा

सगळ्यांचे मनापासून आभार. आईंना खरखर आणि भोंगा दोन्ही फोनवर ऐकवले. "मग लांब वाजला तरच उठायचं ना?" असं त्यांनीच विचारलं. रेडिओ मागवलाय. एक शंका: त्यात एकापेक्षा जास्त काउंट्या भरता येतात असं दिसतंय. आसपासच्या सगळ्या भरू का?

रेडिओवाला

सगळ्या नको, उगाच रात्रभर वाजेल. तुमची लिन आणि पश्चिमेची बेंटन, ०१९०११, एवढ्या दोनच भरा. इथली वादळं बहुतेक पश्चिमेकडून येतात, त्यामुळे बेंटनचा इशारा वाजला की तुमच्याकडे थोडा वेळ असतो. आईंना जिना उतरायला तो लागेल.