पिट्सबर्गला आई-बाबांना घेऊन: बालाजीच्या दर्शनानंतर काय?

प्रेषक: मृ. के., कोलंबस

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

माझे आई-बाबा डोंबिवलीहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले असून सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना घेऊन तीन दिवस पिट्सबर्गला जाण्याचा आमचा बेत आहे. बालाजीचे दर्शन ठरलेलेच आहे. पण आजवर आम्ही जेव्हा जेव्हा तिथे गेलो, तेव्हा दर्शन, उपाहारगृहातला चिंचेचा भात आणि परतीचा रस्ता, याखेरीज आमच्याकडून काहीही झालेले नाही.

बाबा ७४ वर्षांचे आहेत. त्यांच्या तरुणपणाची बारा वर्षे परळच्या एका गिरणीच्या मागखात्यात गेली आणि १९८२च्या संपानंतर त्यांनी डोंबिवलीतल्या एका लहानशा कारखान्यात नोकरी केली. ते चालायला अजून खुटखुटीत आहेत, पण ‘पाहण्यासारखे’ म्हणून दाखवलेल्या गोष्टींचा त्यांना फार लवकर कंटाळा येतो. नायगराला पंधराव्या मिनिटाला त्यांनी ‘झालं का?’ असे विचारले होते. आई पालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, तिचे गुडघे जिने चढू देत नाहीत. सोबत नऊ वर्षांचा मुलगा आहे. तिघांनाही रुचेल असे काही जाणकारांनी सुचवावे, ही विनंती.

मृ. के.


प्रेषक: अ. गो., पिट्सबर्ग

स. न. वि. वि.

तुमचे वडील गिरणीत होते हे वाचून मी आधी लिहायला घेतलेले उत्तर पुसून टाकले. पाहुण्यांना मी एरवी जी यादी पाठवतो, तिच्यात संग्रहालये वर आणि पोलादाच्या भट्ट्या तळाशी असतात. तुमच्यासाठी ती उलटी करावी असे मला वाटते. जे माझ्यासारख्या संगणकापुढे पस्तीस वर्षे बसलेल्या माणसाला इथे वाचून समजून घ्यावे लागले, ते तुमच्या बाबांना नुसते पाहून कळेल.

कोलंबसहून येताना तुम्ही फोर्ट पिट बोगद्यातून शहरात शिराल. १९६० साली खुल्या झालेल्या या बोगद्यात असेपर्यंत शहराचा मागमूसही नसतो, आणि बाहेर पडता क्षणी पिवळे पूल, नद्या आणि उंच इमारती एकदम समोर उभ्या राहतात. बाबांना पुढच्या आसनावर बसवा. गाडी चालवणाऱ्याने मात्र त्या देखाव्याकडे पाहू नये, कारण पुलावर मार्गिका बदलायला जेमतेम काही सेकंद मिळतात आणि चुकलेला माणूस नदीपलीकडे जाऊन पोहोचतो. शहरात ४४६ पूल असल्याचे इथले लोक अभिमानाने सांगतात. नवख्याला त्यांतले निम्मे पहिल्याच दिवशी ओलांडावे लागतात.

पहिल्या संध्याकाळी पॉइंट स्टेट पार्कला जावे. ईशान्येकडून येणारी अलेगेनी आणि दक्षिणेकडून येणारी मोनोंगहीला इथे एकत्र येतात. कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि पुढे कृष्णाच वाहते. इथे मात्र भेटीनंतर दोघींपैकी एकीचेही नाव उरत नाही आणि प्रवाहाला ओहायो म्हणतात. टोकावर मोठे कारंजे आहे, त्याला पाणी या नद्यांचे नसून त्यांच्या खाली असलेल्या भूगर्भातल्या साठ्याचे असते. बागेतच १७६४ सालची विटांची एक छोटी गढी आहे. इंग्रज आणि फ्रेंच या जागेसाठी का भांडले, हे मुलाला नकाशाशिवाय तिथे उभे राहून सांगता येईल.

त्यानंतर अंधार पडायच्या आत माउंट वॉशिंग्टनवर चढावे, आणि तेही गाडीने न चढता इन्क्लाइनने. रुळांवरून तिरके वर ओढले जाणारे हे डबे आता पर्यटकांचे आकर्षण झाले असले, तरी ते सुरू झाले कामगारांसाठी. या टेकडीचे जुने नाव कोल हिल; वर राहणारे मजूर खाली नदीकाठच्या कारखान्यांत कामाला जात आणि पाळी संपल्यावर तो चढ पायी चढून घरी येत. मोनोंगहीला इन्क्लाइन १८७० साली आणि ड्यूकेन इन्क्लाइन १८७७ साली सुरू झाली. पुढे अशा डझनाहून अधिक इन्क्लाइन शहरात झाल्या, त्यांतल्या या दोनच उरल्या. ड्यूकेन इन्क्लाइन १९६२मध्ये बंद पडली होती. वरच्या वस्तीतल्या रहिवाशांनी आपसांत पैसे जमवून ती पुढच्याच वर्षी पुन्हा चालू केली. तिचे लाकडी डबे जुने आणि देखणे आहेत, पण तिथे पायऱ्या आहेत. आईंच्या गुडघ्यांसाठी मोनोंगहीला इन्क्लाइन सोयीची पडेल. ती दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद असते, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी.

वरून दिसणारे शहर आज इतके स्वच्छ आहे की, १९४०च्या दशकात धुरामुळे भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागत, यावर मुलाचा विश्वास बसणार नाही. १९५० साली शहराची वस्ती पावणेसात लाखांच्या घरात होती, ती २०२०च्या शिरगणतीत तीन लाख तीन हजारांवर आली. धूर गेला आणि त्याच्याबरोबर माणसेही गेली.

आता मुख्य मुद्दा. शनिवारी सकाळी बाबांना रँकिनला कॅरी फर्नेस पाहायला न्यावे. मोनोंगहीलाच्या काठावर दोन झोतभट्ट्या, सहा आणि सात क्रमांकाच्या, अजून उभ्या आहेत. प्रत्येकी सुमारे ९२ फूट उंचीच्या या भट्ट्या १९०७ सालच्या; खनिज, कोक (दगडी कोळसा भाजून केलेले इंधन) आणि चुनखडी वरून टाकायची आणि खालून वितळलेले लोखंड काढायचे. ते लोखंड तसेच, वितळलेल्या स्थितीत, रेल्वेच्या पुलावरून नदीपलीकडे होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात जात असे. काम थांबल्यानंतर ती जागा वर्षानुवर्षे बेवारस पडली होती, तेव्हा काही कलावंतांनी आत शिरून तिथल्याच नळ्या आणि तारा वापरून हरणाचे एक प्रचंड मस्तक उभे केले. तेही तिथेच आहे. मार्गदर्शकासह होणाऱ्या फेऱ्या मे ते ऑक्टोबर या काळात असतात, जागा आधी राखून ठेवाव्या लागतात आणि पायांत बंद बूट लागतात. जमीन खडबडीत आहे, म्हणून आईंनी न जाणे बरे. मार्गदर्शकांमध्ये पूर्वी पोलाद कारखान्यांत काम केलेली माणसेही असतात. तसा कुणी मिळाला तर बाबांना प्रश्न विचारू द्यावेत आणि तुम्ही दुभाषी व्हावे.

तिथून नदी ओलांडून होमस्टेडला जा. १८९२च्या जुलैमध्ये इथे टाळेबंदीविरुद्ध लढणारे कामगार आणि कंपनीने नदीमार्गे बोटींतून आणलेले पिंकर्टनचे खासगी पहारेकरी यांच्यात दिवसभर लढाई झाली, दोन्ही बाजूंची माणसे मेली, आणि शेवटी युनियन मोडली. ज्या पंप हाउसपाशी हे घडले, ती इमारत उभी आहे. कारखाना १९८६मध्ये बंद झाला आणि त्याच्या जागेवर आता दुकाने, उपाहारगृहे व चित्रपटगृह असलेले मोठे बाजारसंकुल आहे. त्या संकुलाच्या कडेला कारखान्याची बारा धुराडी एका रांगेत तशीच ठेवली आहेत. लोअर परळला मॉलच्या आवारातले धुराडे पाहिलेल्या माणसाला याहून अधिक समजावून सांगावे लागणार नाही.

आईंना रविवारी ओकलंड भागात न्यावे. पिट्सबर्ग विद्यापीठाची ४२ मजल्यांची कॅथीड्रल ऑफ लर्निंग ही गॉथिक धर्तीची इमारत १९२६ साली बांधायला घेतली आणि तिच्या वर्गणीत शाळकरी मुलांनी एकेक विटेपोटी दहा-दहा सेंट दिले. अशी सुमारे ९७ हजार मुले होती. शिक्षिका असलेल्या बाईंना हा एक आकडा पुरेसा आहे. आत वेगवेगळ्या देशांच्या परंपरेनुसार सजवलेल्या ३१ वर्गखोल्या आहेत, त्यांत नालंदा विद्यापीठाच्या विहारावरून घडवलेली भारतीय खोलीही आहे. आठवड्यात बहुतेक खोल्यांमध्ये खरोखरचे तास चालतात, म्हणून रविवार सोयीचा. इमारतीत लिफ्ट आहे. याच विद्यापीठात जोनस साल्क यांनी पोलिओची लस तयार केली आणि ती यशस्वी झाल्याचे एप्रिल १९५५मध्ये जाहीर झाले. आपल्या वर्गातल्या पोलिओ झालेल्या मुलांची आठवण आईंना नक्की असेल.

पलीकडेच कार्नेगी संग्रहालय आहे. मुलाला तिथे सोडले की तो डिप्लोडोकसच्या सांगाड्यापाशी रमेल. हा सांगाडा १८९९ साली वायोमिंगमध्ये सापडला आणि होमस्टेडच्या त्या कारखान्याचे मालक अँड्र्यू कार्नेगी यांनी त्याच्या प्लास्टरच्या प्रतिकृती युरोपातल्या राजेरजवाड्यांना भेट दिल्या. कामगारांच्या बाबतीत हा हात इतका सैल नव्हता, असे बाबा म्हणतील, आणि ते बरोबरच असेल.

चित्रकार अँडी वॉरहॉल यांचे संग्रहालय सात मजल्यांचे आहे. मला ते आवडते, पण तिथे ‘झालं का?’ दुसऱ्या मजल्यावरच ऐकू येईल.

बालाजीला शेवटच्या दिवशी, परतण्यापूर्वी जावे.

आपला,
अ. गो.


प्रेषक: वै., क्लीव्हलंड

काकांच्या पत्रात भर घालण्याचे धाडस करते, कारण खाण्याचा विषय त्यांनी सोयीस्करपणे टाळला आहे.

शनिवारी स्ट्रिप डिस्ट्रिक्टमध्ये दादरच्या भाजीगल्लीसारखी गर्दी असते. एके काळी घाऊक व्यापाऱ्यांची असलेली ही अरुंद पट्टी आता मसाले, चीज, मासळी, भाजलेली कॉफी आणि फुटबॉल संघाचे काळे-पिवळे टी-शर्ट यांनी फुललेली असते. इथले प्रसिद्ध सँडविच म्हणजे पावातच बटाट्याच्या तळलेल्या फोडी आणि कोबीची कोशिंबीर कोंबलेली असते. वडापाव खाऊन वाढलेल्या माणसाला त्यात नवल वाटत नाही, मात्र मांसाशिवाय हवे असल्यास तसे स्पष्ट सांगावे लागते. पोलंडकडून आलेल्या कामगारांची पिरोगी अवश्य खावी. आकार करंजीचा, आवरण मैद्याचे, आत बटाटा आणि चीज, आणि वर लोण्यात परतलेला कांदा. कांद्यात बेकन नाही ना, एवढे विचारून घ्यावे.

एक दिवस हाताशी असल्यास फॉलिंगवॉटर पाहता येईल. फ्रँक लॉइड राइट यांनी पिट्सबर्गच्या कॉफमन कुटुंबासाठी १९३५ साली आखलेले हे घर धबधब्यासमोर न बांधता थेट धबधब्यावर बांधले आहे, त्यामुळे घरात बसून धबधबा ऐकू येतो, दिसत नाही. शहरापासून ते आग्नेयेला सुमारे ११० किलोमीटरवर आहे. आम्ही पहिल्या वेळी आरक्षण न करता गेलो, दाराशी जागा मिळाली नाही, जंगलात फोनलाही रेंज नव्हती, आणि दोन तास गाडीत भांडून परत आलो. तेव्हा आरक्षण आधी करावे. घरात जिने बरेच आहेत, त्यामुळे तुमच्या आईंच्या बाबतीत मी काकांचाच बेत पसंत करीन.

वै.


प्रेषक: मृ. के., कोलंबस

सर्वांस नमस्कार.

आम्ही काल रात्री परतलो. काका, मोनोंगहीला इन्क्लाइन नेमकी त्या दिवशी बंद होती. आईने ड्यूकेनच्या पायऱ्या एकेक करत, माझ्या दंडाला धरून चढल्या आणि वर पोहोचल्यावर लाकडी डब्याच्या छताची कलाकुसर पाहत ती उतरायलाच तयार नव्हती. भारतीय खोलीतल्या बाकावर बसून तिने नातवाची हजेरी घेतली. स्ट्रिपमधली पिरोगी तिला ‘तळायची राहिलेली करंजी’ वाटली.

कॅरी फर्नेसला मार्गदर्शक म्हणून साठी ओलांडलेले एक गृहस्थ होते, ज्यांनी तरुणपणी दुसऱ्या एका पोलाद कारखान्यात काम केले होते. वितळलेले लोखंड ज्या वाळूच्या चरांतून वाहत असे, त्या ओतशाळेत बाबा चराच्या कडेला उकिडवे बसले, वाळू चिमटीत धरून पाहिली आणि मला म्हणाले, ‘विचार, भोंगा किती वेळा व्हायचा?’ मी विचारले. गृहस्थांनी तीन बोटे दाखवली. बाबांनीही तीन बोटे दाखवली. त्यानंतर माझी गरज फारशी उरली नाही. बहिरा झालेला कान, कापलेले बोट, रात्रपाळीचा डबा, हे सगळे दोघांनी खुणांनीच एकमेकांना सांगितले. मध्ये बाबांनी मागाचा धोटा कसा धावतो ते दोन्ही हातांनी आणि तोंडाने खडखड आवाज काढून दाखवले, तेव्हा सोबतचे सगळे पाहुणे थांबून त्यांच्याकडे पाहत होते. आमची फेरी ठरल्या वेळेपेक्षा पाऊण तास लांबली.

होमस्टेडला त्यांनी धुराडी मोजली. बारा भरल्यावर ‘आमच्याकडे एवढी ठेवली नाहीत’ एवढेच म्हणाले आणि तिथल्या बाकावर बसून राहिले. माझ्या मुलाने आइस्क्रीम संपवले, कबुतरांना हाकलले, आणि शेवटी तोच कंटाळला.

बालाजीचे दर्शन उत्तम झाले, आणि चिंचेचा भातही.

एक विनंती आहे. ऑक्टोबरमध्ये कोलंबसहून कुणी पिट्सबर्गला जाणार असल्यास कळवावे. बाबांना कॅरी फर्नेसला पुन्हा जायचे आहे, आणि या वेळी मला सोबत नेण्याची आवश्यकता नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

मृ. के.