मदत हवी आहे: मेंदूतली थीटा लहर जास्त असणं चांगलं का वाईट?

नमस्कार मंडळी, सांगलीत विश्रामबागला राहतो. पोरगं आठवीत, डोकं चांगलंय पण पुस्तक उघडलं की लक्ष खिडकीबाहेर. एका सेंटरला नेलं, तिथं टोपी घालून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, काढला (केसातलं जेल निघता निघेना, तो वैताग वेगळाच) आणि रंगीत नकाशा हातात दिला, म्हणे थीटा जास्त, बीटा (तिच्याहून वेगवान लहर) कमी, म्हणून लक्ष लागत नाही, न्यूरोफीडबॅकचं, म्हणजे आपल्याच लहरी स्क्रीनवर बघत त्या बदलायच्या सरावाचं, पॅकेज घ्या. आकडा ऐकून गप घरी आलो.

आता घोळ असा की वाचायला बसलो तर भलतंच निघालं. थीटा म्हणजे सेकंदाला 4 ते 8 वेळा येणारी लहर, आणि कपाळामागच्या मधल्या भागात ती नेमकी मन आवरायची वेळ आली की वाढते म्हणे. ती 1935 ची स्ट्रूपची टेस्ट असते ना, शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा, ती स्केचपेननं लिहून पोराला दिली. हिरव्या पेननं ‘निळा’ लिहिलेलं, तर ‘नि... हिरवा!’ अशा अडखळण्यातच थीटा उसळते म्हणतात. मग जास्त थीटा म्हणजे कंट्रोल चांगला का वाईट? कुणी सायकॉलॉजीवाले असतील तर सांगा राव, पॅकेजवाल्यांचा सारखा फोन यायलाय.

प्रतिसाद:
दादा, दोन्ही थीटाच, पण मोजलेलं वेगळं. नुसतं बसवून काढतात ती सरासरी, पेंग आली तरी ती वाढते. तुम्ही वाचली ती अडचणीच्या क्षणापुरती, सेकंदापेक्षाही कमी वेळ, आणि तिच्या ठेक्यावर पुढचा भाग बाकी मेंदूला कामाला जुंपतो असं मानतात. उचललेला हात आवरताना बीटा, नको ते आवाज दाबायला अल्फा, असं प्रत्येकीचं काम वेगळं. थीटा-बीटा गुणोत्तर मोजून एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा त्रास) ओळखायला मदत करणाऱ्या यंत्राला अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं-उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) 2013 ला परवानगी दिली ती डॉक्टरच्या तपासणीला जोड म्हणून, नुसत्या नकाशावर निदान करायला नव्हे. आणि खोट्या न्यूरोफीडबॅकशी (स्क्रीनवरचं पोराच्या लहरींशी जुळत नाही असा नुसता देखावा) तुलना केलेल्या मोठ्या चाचणीत खऱ्याचा फायदा जास्त दिसला नाही. पैसे भरू नका. मिरज जवळच आहे, बालमानसोपचारवाल्या डॉक्टरांना दाखवा, आधी डोळे, कान आणि झोप तपासा.

धागाकर्ता:
झोपेचं बरं काढलंत. ईईजी दुपारचा, जेवल्यावर काढलेला, आणि हे पोरगं तिथं खुर्चीतच डुलत होतं. बाई दोनदा म्हणाल्या, बाळा जागा राहा. तो रिपोर्ट मग डॉक्टरांना दाखवायचा का नाही?

प्रतिसाद:
दाखवा की, पण हे डुलण्याचं पहिलं सांगा.