प्रतिसाद: एकाच ग्रेटिंगवर तिन्ही रंग का नाही चालत

भाऊ, वर विचारलंय की चष्मा न लावता दिसणाऱ्या थ्रीडी स्क्रीनमधे तिन्ही रंगांना (लाल, हिरवा, निळा) एकच ग्रेटिंग, म्हणजे उजेड ठराविक दिशेला वळवणाऱ्या बारीक समांतर रेघा, का नाही पुरत, तर कारण सोपं आहे, ग्रेटिंग लाल प्रकाशाला निळ्यापेक्षा जास्त वळवते, प्रिझमच्या बरोबर उलट. घरी जुनी सीडी अन् डीव्हीडी असेल तर बाल्कनीत नेऊन बघा, आमच्या नागपूरच्या उन्हात तर फारच झकास दिसते. त्यांच्यावरच्या बारीक रेघाही ग्रेटिंगसारख्याच, सीडीच्या रेघांत १.६ मायक्रॉनचं अंतर, डीव्हीडीच्या ०.७४ चं. सरळ पडलेल्या उजेडात सीडीवर निळा (तरंगलांबी ४५० नॅनोमीटर) साधारण १६ अंशावर जातो अन् लाल (६५०) २४ वर, पण डीव्हीडीवर तेच ३७ अन् ६१ होतात! म्हणजे स्क्रीनवर एका डोळ्याला लाल चित्र अन् दुसऱ्याला निळं, थ्रीडीची पार वाट.

म्हणून प्रत्येक रंगाला वेगळी ग्रेटिंग देतात. उजेड सरळ पडतोय अन् तिन्ही रंग ३० अंशावर पाहिजेत असं धरा, तर ४५० च्या निळ्याला रेघांत ९०० नॅनोमीटरचं अंतर लागतं, ५३० च्या हिरव्याला १०६०, ६३० च्या लालला १२६०. पण निळ्याच्या ग्रेटिंगमधे लाल घुसला की तो भलतीकडेच निघतो, खरी डोकेदुखी ही आहे. एचपी लॅब्सवाल्यांनी (एचपी कंपनीची संशोधन प्रयोगशाळा) २०१३ मधे षटकोनी काच घेऊन तिन्ही रंग तीन वेगवेगळ्या बाजूंनी आत सोडले, त्यामुळे चुकीचा रंग बघणाऱ्याच्या टप्प्याबाहेर जातो. मला तर हीच आयडिया सगळ्यात भारी वाटते, जाडी अजिबात वाढत नाही ना.